धाकट्याची पाळी

समीक्षकाचा एक नियम होता: शेवटपर्यंत खेळल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. दर आठवड्याला तो मासिकासाठी एखादा जुना व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचा आणि त्याचा निकाल लावायचा. लहानपणी डोक्यावर घेतलेले कितीतरी खेळ त्याने असे जमिनीवर आणले होते, आणि त्यापायी वाचकांच्या शिव्याही मुकाट खाल्ल्या होत्या.

त्या दिवशी एका वाचकाने पाठवलेल्या खोक्यातून भुयाराचा खेळ निघाला. हा खेळ तो आणि दादा जोडीने खेळायचे. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी भांडणाच्या भरात त्याने दादाचा साठवलेला डाव पुसून टाकला. दादा तणतणत घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. डाव पुसल्याचं मात्र त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आई अजूनही जेवायला तीन ताटं मांडायची, आणि तिसरं तसंच उचलून ठेवायची.

"ताटं घेतेय रे," आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

"आलोच."

त्याने कॅसेट फुंकून यंत्रात बसवली. साठवलेल्या डावांच्या यादीत एकच नाव होतं: दादा. असेल कुणाचा तरी दादा, त्याने स्वतःला बजावलं. खेळलेला वेळ मात्र दोन लाख बासष्ट हजार तासांच्या वर दिसत होता. या खेळाचं घड्याळ नव्व्याण्णव तासांना थांबतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने कागदावर भागाकार केला. बरोबर तीस वर्षं.

डाव उघडला. बंद खोलीत एक छोटा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. समीक्षकाने कुठलंही बटण दाबलं नव्हतं, तरी तो वळला आणि समोर बघत राहिला.

ही खोली तो कशी विसरेल! दुसरा खेळाडू बाहेरच्या शिळेवर उभा राहिला, तरच हिचं दार उघडायचं. पहिला सुटायचा आणि शिळेवरचा अडकायचा. खेळाची ही शुद्ध लबाडी होती. म्हणून दोघा भावांनी आळीपाळीने अडकायचं ठरवलं होतं. त्या दुपारी पाळी धाकट्याची होती. त्याने ती चुकवली, आणि वर डावच पुसला.

त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने दुसरा कंट्रोलर जोडला.

तो शिळेवर उभा राहिला.

दार उघडलं. छोटा माणूस चालत बाहेर पडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

घराची बेल वाजली. आईची पावलं दाराकडे गेली.

"किती उशीर केलास रे," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

तो धडपडत उठला आणि वळला. खुर्चीमागे जिथे दार होतं, तिथे आता भिंत होती. त्याने ती हाताने चाचपली. मग बाकीच्या तिन्ही चाचपल्या. आईला हाका मारून त्याचा घसा बसला.

पलीकडून आई म्हणाली, "बस. ताटं घेते."

त्याने भिंतीला कान लावला. एक ताट ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं.

मग आईने खुर्ची ओढली, आणि दोघं जेवायला बसली.