केस कापलेला माणूस

अथेन्सच्या कुंभारवाड्यात चित्रं काढणाऱ्या म्नेसियासला घाई फार. थडग्यावर ठेवायच्या तेलाच्या पांढऱ्या सुरया तो गिऱ्हाईक यायच्या आधीच रंगवून ठेवी. खुर्चीत बसलेली बाई म्हणजे गेलेली. तिच्यासमोरची जागा मोकळी सोडायची. बाप, भाऊ, नवरा, जो रडत येईल त्याला तिथे उभं करायचं. मेलेलं आणि जितं, काल आणि उद्या, सगळं एकाच चित्रात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

त्या सकाळी भट्टी उघडून सिकोन कुंभाराने एक सुरई पुढे धरली.

"अरे, ही तर तुझी फिल्ते! तेच बाकदार नाक. दिवस भरलेल्या बायकोला थडग्यावर बसवलंस? हात झडला नाही तुझा?"

म्नेसियास ओशाळला. सवयीचा चेहरा हातून उतरला होता. मग त्याची नजर मोकळ्या जागेकडे गेली. तिथे एक पुरुष उभा होता. हातात थडग्याला बांधायची फीत, केस सुतकात कापतात तसे मुळापासून कापलेले. कोपरावर भाजल्याचा डाग.

"हा मी काढला नाही."

"मग काय भट्टीतल्या भुताने काढला?" सिकोन हसला. पण म्नेसियासच्या कोपरावरही तसाच डाग त्याला दिसला. मग उगीच त्याची लांब बट ओढून म्हणाला, "तुझे केस तर जागेवर आहेत की, गड्या. हा दुसराच कुणीतरी."

म्नेसियासने सुरई दगडावर आपटली, तुकडे टाचेखाली चुरडले. चित्रच उरलं नाही तर येणारा दिवस येईल कुठून, असं स्वतःला बजावत तो घराकडे पळत सुटला.

दारावर मुलगा झाल्याची खूण म्हणून लावतात ती ऑलिव्हची डहाळी टांगली होती. मुलगा! त्याचा जीव भांड्यात पडला.

सुईण हसत बाहेर आली. त्याला पाहून तिचं हसू विरलं.

"सुखरूप आहेत दोघं," ती कशीबशी म्हणाली आणि बाजूला झाली.

फिल्ते खुर्चीत बसली होती. दमलेली, पण जिवंत. त्याला रडूच आलं.

तिने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"अहो, केस का कापलेत?"

त्याचा हात डोक्याकडे गेला.

बोटांना नुसती खुंटं लागली.