ठाण्यात जमा झालेली बंदूक

निवडणूक लागली, की आपल्याकडे आधी भिंती रंगतात आणि मग परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. नव्व्याण्णव साली बोरी बुद्रुकच्या दादाभाऊलाही तो आला. त्याची बंदूक चुलत्याकडून आलेली, ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, छर्रे सोडायचे, गजानं ठासायचं, घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि चाप ओढायचा. एकदा ठासली, की बार काढल्याशिवाय ती सहजी मोकळी होत नाही. आणि भरलेली आहे की नाही, ते बाहेरून बघून कुणाच्या बापाला कळायचं नाही.

वस्ती उसात. बिबट्यानं अंगणातलं कुत्रं उचलून नेलं, तेव्हापासून ती बंदूक मधल्या खोलीत खुंटीवर ठासूनच टांगलेली असायची. दादाभाऊच्या बायकोला, रोहिणीला ती तिथं नकोच होती. पाच वर्षांची समृद्धी घरभर हुंदडायची. सुदर्शनला नुकतंच बसता यायला लागलेलं.

"अहो, पेटीत ठेवा ती. कुलूप घाला. दारू येगळी ठेवा," ती किती वेळा म्हणाली असेल!

"आन् बिबट्या दारात आल्यावर किल्ली हुडकीत बसू व्हय? खुंटी बघ की केवढी उंच हाय. पोरगी काय पंख लावून उडणार हाय का?"

झालं, विषय संपला. तसा दादाभाऊ माणूस लाख मोलाचा. पण एकदा नाही म्हणाला, की ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचा नाही.

जमा करायच्या दिवशी सकाळी रोहिणी पुन्हा म्हणाली, "निदान आता तरी मोकळी करा. बांधावर जाऊन बार काढा, मग न्या."

"कशाला दारू वाया घालू? ही बघ, केप काढली, खिशात टाकली. झाली रिकामी. कुणी इचारलं तर सांगीन, रिकामीच हाय."

पोत्यात गुंडाळलेली बंदूक सायकलला बांधून तो गेला, आणि रोहिणीला खरं सांगायचं तर घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. उघडी खुंटी बघून तिला हसू आलं. गुणगुणतच तिनं मधली खोली शेणानं सारवून घेतली, गोधड्यांची वळकटी रोजच्यासारखी बाकड्यावर रचली आणि सुदर्शनला तिथंच आढ्याला बांधलेल्या झोळीत घालून ती पडवीत शेंगा तोडायला बसली.

दुपार झाली. लाईट सकाळपासूनच गेलेली, त्यामुळे विहिरीवरची मोटरही गप्प होती. उसात पान हलत नव्हतं. समृद्धी मागच्या दारी शेळीच्या करडाशी खेळत होती. झोळीत सुदर्शन कुरकुरला, तशी रोहिणीनं आत जाऊन त्याला उचललं आणि पडवीत आणून पदराखाली घेतलं. झोळीचं लुगडं तसंच लोंबत राहिलं.

थोड्या वेळानं समृद्धी मागच्या दारानं आत आली. पडवीच्या उघड्या दारातून रोहिणीला ती दिसत होती. पोर बाकड्यावर चढली, मग वळकटीवर चढली. चवड्यावर उभं राहून तिनं दोन्ही हात वर केले.

हात खुंटीला पोचले.

 आई गं! ती उंच खुंटी, आणि तिच्याखाली वळकटी रोज सकाळी कोण रचत होतं? तीच. स्वतःच्या हातानं. इतके दिवस कसं दिसलं नाही? बरं झालं बाई, आज बंदूक घरात नाही. नवरा आला, की आधी त्याला हे दाखवायचं, मग बघू काय बोलतो ते.

समृद्धीनं खुंटीवरून काहीतरी काढल्यासारखं केलं. काहीच नव्हतं. पण पोरीचे हात एकदम खाली आले, खांदे ओढले गेले आणि ती मागं कलली. सावरत, बूड टेकत ती जमिनीवर उतरली.

"समे, काय खेळतीस गं?"

"आई... लई जड हाय."

पोरांचं सोंग असतं, दुसरं काय! रोहिणी हसणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष जमिनीवर गेलं. वारा नसल्यानं सारवण अजून ओलं होतं. समृद्धी झोळीकडं निघाली होती, आणि तिच्या मागं त्या ओल्या सारवणावर एक रेघ उमटत होती. बोटभर रुंद, सरळ. बंदुकीचा लाकडी दस्ता फरपटत न्यावा तशी. खर्र... खर्र... आवाजही येत होता.

 रोहिणीला झटकन उठताही येईना. मांडीवर बाळ.

"समे... ठेव... खाली ठेव ते..."

"गप की. बिबट्या आलाय." पोर कुजबुजली. "झोळीत शिरलाय... बाळाला खाईल."

तिनं ते न दिसणारं काहीतरी झोळीला टेकवलं. डोळा मिटला. उजव्या हाताचं एवढंसं बोट वाकलं.

धडाम्!

छपराचे पत्रे थरथरले. उसातले बगळे एकदम उडाले. झोळी आढ्यापर्यंत उसळून खाली आली आणि गरागरा फिरली. खोलीभर निळसर धूर कोंडला, दारूचा तो खवखवणारा वास नाकाला झोंबला. समृद्धी भिंतीला आपटून पडली होती. झोळीच्या लुगड्याची पार चाळण झालेली.

रोहिणीनं किंकाळी फोडली. पदर बाजूला करून तिनं सुदर्शनला चाचपलं. डोकं, छाती, पोट, पाय. कुठं ओरखडा नव्हता. तो डोळे मिटून दूध पीत होता. एवढा कान फाडणारा आवाज झाला, पण पोर दचकलंसुद्धा नव्हतं.

शेजारच्या वस्तीवरची म्हातारी तानूबाई धापा टाकत आली. "पोरी, बार कुठं झाला? दादाभाऊ तर बंदूक घिऊन गेला न्हवं?"

 रोहिणीनं आत बोट दाखवलं. तानूबाईनं झोळी पाहिली, जमिनीवरची रेघ पाहिली आणि समृद्धीला उचलून घेतलं. पोरीच्या उजव्या खांद्यावर दस्त्याचा धक्का बसावा तसा काळानिळा वळ उमटला होता. तानूबाईची नजर पुन्हा उघड्या खुंटीकडं गेली आणि म्हातारीनं पोरीला आधी खोलीबाहेर नेलं.

दिवस कलता दादाभाऊ आला. सायकल अंगणात तशीच टाकून तो पडवीत टेकला. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"रोहिणी, बंदूक उडाली."

"कुठं?" रोहिणीनं विचारलं.

"ठाण्यात. भर दुपारी. मी सही करत व्हतो. हवालदारानं इचारलं, मी म्हणलं रिकामीच हाय. त्यांनी ती आतल्या खोलीत उभी केली, कुलूप घातलं. आन् आतनं बार झाला. आत चिटपाखरू न्हवतं गं! केप तर माझ्या खिशात. मला लई बोलले, बोलणारच की. पर छर्रे..." त्यानं खिशातली केप काढून तिच्यापुढं ठेवली. "छर्रे कुटंच लागले न्हाईत. ना भितीला, ना छताला. नळी तेवढी गरम व्हती. गेले कुटं मग ते?"

रोहिणीनं त्याला हाताला धरून आत नेलं आणि झोळीपुढं उभं केलं. भोकांतून पलीकडची भिंत दिसत होती. दादाभाऊनं एका भोकात बोट घातलं आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"परवाना परत करतो. आईची आण, ती बंदूक पुन्हा या घरात आणणार न्हाई. माझं चुकलं, रोहिणी. चुकलं माझं."

रोहिणीला त्याचा राग आला होता, आणि कीवही आली. पण काही का असेना, पोरं जित्ती होती. तिनं सुदर्शनला घट्ट छातीशी धरलं.

तेवढ्यात समृद्धी जवळ आली. तिनं आईच्या कडेवरच्या बाळाकडं निरखून पाहिलं.

"आई, हे कुणाचं बाळ?"

"असं काय गं करतीस? आपला सुदर्शन न्हाई का!"

"न्हाई. आपलं बाळ झोळीत हाय. मी ठो केलं ना त्याला?" ओठ काढून ती रडवेली झाली. "ते रडतच न्हाई आता."

"गप बस!" दादाभाऊ ओरडला. "काढूनच टाकतो ही अवदसा." बाकड्यावर चढून त्यानं आढ्याची दोरी सोडायला घेतली.

"आप्पा, हळू... ते पडंल!" समृद्धी बापाला म्हणाली.

गाठ सुटली आणि दादाभाऊचे हात खस्सकन खाली ओढले गेले. कसाबसा तोल सांभाळत तो बाकड्यावरून उतरला. लुगड्याच्या भोकांतून अजून समोरची भिंत दिसत होती. आत काही नव्हतं. पण त्याचे हात आपोआप पाळण्यासारखे वळले. एक हात डोक्याखाली, एक पाठीखाली. हे वजन तो रोज उचलत होता.

"अहो... ठेवा ना ते खाली," रोहिणी म्हणाली.

दादाभाऊला ते खाली ठेवता येईना. तो तसाच खोलीच्या मधोमध उभा राहिला, आणि त्याच्या कोपरावरून काहीतरी कोमट ओघळायला लागलं.