कमानीच्या अलीकडे

योशितोला लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगी झाली, ते शोवा त्रेचाळिसावं, म्हणजे एकोणीसशे अडुसष्ट साल. साओरी जुलैच्या तीन तारखेला जन्मली आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तिला देवाच्या पायांवर घालायला घरची चौघं मियाजिमा या देवस्थानाच्या बेटावर बोटीतून उतरली.

धक्क्याच्या सावलीत योशितोची बायको हिसाए आपल्या सासूच्या, कियोनोच्या, खांद्यांवर बाळाचा रेशमी किमोनो पांघरून त्याचे बंद मानेमागे बांधत होती. नातीला देवापुढे न्यायची ती बापाच्या आईने, ही तिथली रीत. बाळंतिणीचं सोयर फिटलेलं नसतं, म्हणून ती मागेच थांबते.

"ताठ उभ्या राहा हो, आई. फोटोत पोर दिसायला हवी, तुमचा बाक नको."

कियोनो ताठ झाली. 

"पोट कसंय आता?" योशितोने विचारलं.

"त्यांच्या पोटाला रविवार बरोबर कळतो," हिसाए म्हणाली. "काल पोट, आज गुडघा, बोटीत चक्कर. खरं सांगा, आई, मुलगी झाली म्हणून नात आवडली नाही का तुम्हाला?" ती हसत होती, पण हसू ओठांवरच होतं.

"असं बोलू नकोस ग," कियोनो एवढंच म्हणाली आणि बाळाला उराशी घेऊन चालू लागली.

खोटं बोलण्यात ती नवशिकी नव्हती. योशितो तिचा पोटचा मुलगा नव्हता, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची जन्मदाती तोमिए, कियोनोची सख्खी थोरली बहीण. योशितो तीन वर्षांचा असताना तोमिएच्या गालावर चट्टा उठला, डॉक्टरने महारोग म्हटलं, आणि एका सकाळी पांढरे अंगरखे घातलेली माणसं येऊन तिला दूरच्या एका बेटावरच्या रुग्णालयात घेऊन गेली. मागे घरभर औषध फवारलं. गावाने विहीर बंद केली. तोमिएच्या नवऱ्याने, काकुजीने, गाव सोडलं, कुसात्सुच्या खाडीकाठी बिऱ्हाड केलं, आणि पोराला आई हवी म्हणून कियोनोशी लग्न केलं. शेजारीपाजारी कोणी पहिल्या बायकोचं नावही ऐकलं नाही. कियोनोने स्वतःचं मूल होऊ दिलं नाही... बहिणीच्या लेकराच्या वाटणीची माया अर्धी व्हायला नको म्हणून. हिवाळाभर ती कालवं फोडायला जाई, हात चिरून घेई, आणि दर शरदात देवदर्शनाच्या नावाखाली दोन दिवस तोमिएकडे जाऊन येई. काकुजी वारल्यावर हे गुपित तिच्या एकटीचं झालं.

इतकं केलं म्हणून ती स्वतःला चांगली समजत असती, पण एक गोष्ट तिला तसं समजू देत नव्हती. नव्या औषधाने तोमिए बरी झाली होती. बोटं आखडलेलीच राहिली आणि जायला घर उरलं नाही, एवढंच. तिने आयुष्यात एकदाच मागितलं होतं... "लांबून बघीन ग. रस्त्याच्या पलीकडून. ओळख देणार नाही." कियोनो म्हणाली, त्याचं लग्न होऊ दे. लग्न झालं. मग म्हणाली, मूल होऊ दे. लोक काय म्हणतील याची भीती होतीच, पण त्याच्याही तळाशी दुसरी भीती होती, आणि ती आठवली की कियोनोची मान आपोआप खाली जाई. तिला आई म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मूल झालं. अकरा दिवसांनी, जुलैच्या चौदा तारखेला, तोमिए गेली. तिची हाडं वेचायला कियोनो आणि दोन म्हाताऱ्या रुग्ण बायका, एवढीच माणसं होती.

मरणाचं सुतक पन्नास दिवस, आणि सुतकी माणसाने देवाच्या कमानीखालून जायचं नसतं. न येण्यासाठी तिने सगळी सोंगं करून पाहिली. शेवटी मनाशी ठरवलं की ज्याला मरण ठाऊकच नाही त्या योशितोला सुतक कसलं, आणि माझ्या अंगावरचं पाप, देवा, माझ्या एकटीच्या पदरात घाल.

समुद्राकाठच्या वाटेने ती दगडी कमानीपाशी आली. बेटावर मोकाट फिरणारं एक हरीण हिसाएच्या पिशवीतला कागद ओढत होतं आणि ती त्याला दरडावत होती, "अरे, नवस आम्ही बोललो आणि प्रसाद तुला?" योशितोने टोपी काढली, कमानीपुढे वाकला, आणि सरळ होताना उन्हामुळे त्याने एक डोळा बारीक केला. अगदी तोमिएसारखा. कियोनोच्या मनात आलं, बहिणीचं घर पुसलं, नाव पुसलं, आज मी तिचं मरणही पुसायला निघाले आहे...

"थांब, योशितो. तुला आत जाता येणार नाही."

"का? तिकीट लावलंय का आता?"

"तुला सुतक आहे."

"मला? कोण गेलं?"

"तुझी आई."

तो हसला. "माझी आई माझ्यासमोर उभी आहे आणि तिला ऊन लागलंय. हिसाए, पाणी दे ग हिला."

कियोनोने बाळाच्या टोपड्यावर नजर ठेवून सगळं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, बेटाचं सांगितलं, रस्त्याच्या पलीकडून बघण्याचं सांगितलं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं. बाजूने माणसं जात होती, म्हणून ती हळू बोलत होती. आजही लोकांचीच लाज वाटते आहे हे तिला कळत होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.



"मला एक बाई आठवायची," योशितो म्हणाला. "दारात उभी राहून रडणारी. मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, स्वप्न पडलं असेल."

"हो."

"किती वेळा विचारलं होतं मी?"

"तीनदा."

तो वळला आणि ओहोटीच्या चिखलात बुटांसकट उतरून दूर जाऊन उभा राहिला.

"बाळ द्या," हिसाए म्हणाली. कियोनोने मानेमागचे बंद सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना, शेवटी ते हिसाएनेच सोडले. पोरीला घेऊन ती दोन पावलं मागे सरली. "हिला काही होईल का?"

"नाही ग. तो रोग असा पोरांत उतरत नाही, डॉक्टर सांगतात. लोक मात्र तसं मानतात."

"सहा वर्षं मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू या घरात आली असतीस?"

हिसाएने खरंच विचार केला. "नसते आले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि मगाशी मी तुम्हाला विचारलं, नात आवडली नाही का..." ती पुन्हा दोन पावलं पुढे आली. "आता आत न्यायचं कोणी? मला सोयर, तुम्हा दोघांना सुतक. सोवळी अशी ही एकटीच, आणि हिला चालता येत नाही."

कियोनो रडू लागली. हिसाएने बाळ एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने तिला कठड्यावर बसवलं.

योशितो परत आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"हाडं कुठे आहेत?"

"तिथेच, रुग्णालयाच्या अस्थिघरात. नंबर लावून ठेवतात. मला यापुढे मावशी म्हण, बाळा... माझा हक्क नाही."

"ते मला या वयात जमायचं नाही, आई," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण आज तुझ्याशी बोलणंही जमायचं नाही. माझ्यामागे चल, नुसती."

"सप्टेंबरात येऊ," हिसाए म्हणाली. "देव बेट सोडून कुठे जात नाही."

चौघंही कमानीच्या अलीकडूनच वाकली आणि परतीच्या बोटीत बसली.

त्याच आठवड्यात योशितो एकटा रुग्णालयात गेला. तिथल्या वहीत नात्याच्या रकान्यात त्याने 'मुलगा' असं लिहिलं आणि हाडं घरी आणली. काकुजीच्या थडग्यावर तोमिएचं नाव कोरून घेतलं. पन्नास दिवस पुरे होईपर्यंत त्याने सुतक पाळलं, आणि त्या दिवसांत कियोनोशी कामापुरतंच बोलला. एकावन्नाव्या दिवशी मात्र जेवताना त्याने विचारलं, "तिला खायला काय आवडायचं?" कियोनोने सांगितलं, आणि मग रोज एकेक गोष्ट सांगत गेली. मुलाने क्षमा केली होती. तिने स्वतःला केली नाही. थडग्यावरच्या बहिणीच्या नावाकडे वर बघून तिला कधी हात जोडता आले नाहीत, ती खालच्या पायरीकडे बघून जोडायची.

कियोनो शोवा अठ्ठावन्न, म्हणजे एकोणीसशे त्र्याऐंशी सालच्या मार्चच्या एकवीस तारखेला, सकाळी, योशितोच्या घरी वारली.