आबाचं डोकं

निपाणीच्या बाजारपेठेत भीमसेनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहावं, एवढंच ते ऐसपैस. पण भीमसेनचा हात असा की सदलग्यापासून कोगनोळीपर्यंत कुणाच्याही रेडिओचा घसा बसला की तो याच पायरीवर यायचा. बेळगावच्या आयटीआयमधून शिकून आलेला तो त्यांच्या गल्लीतला पहिला. बाप तंबाखूच्या वखारीत हमाली करून गेला, पण छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यानं घरातले ताईत, अंगारे आणि देव्हारा एका पोत्यात भरून वेदगंगेत सोडून दिले होते. तेव्हापासून 'असं का होतं?' या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर चालायचं. उघडून बघा.

चौऱ्याऐंशी सालच्या चैत्रात त्या दुकानात आबाचं डोकं उघडायला आलं.

आबा म्हणजे 'आबा छाप' बिडीचा आबा. बिडीच्या कट्ट्याच्या कागदावर एक हसरा, गलमिशांचा म्हातारा छापलेला होता. कारखान्याच्या मालकानं तोच कागदाचा लगदा आणि मेथीची खळ थापून मोठा करून घेतला होता. घागरीच्या चौपट डोकं, गुलाबी गाल, तागाच्या मिशा, लाल फेटा. मानेखाली कंबरेपर्यंत बुरुडाकडून विणून घेतलेला बांबूचा सांगाडा आणि त्यावर कोट. कोटाच्या बाह्यांत भुसा भरलेला, कारण खऱ्या माणसाचे हात आत, सांगाडा धरायला लागायचे. आबाच्या हसऱ्या तोंडाला जाळी होती, तिच्यातून आतल्यानं बाहेर बघायचं. हे सगळं पाठीमागून चामड्याच्या पट्ट्यांनी आणि दोन पितळी बकलांनी आवळलं जायचं, त्यामुळे आतल्याला स्वतःहून बाहेर येता येत नसे.

बाजाराच्या दिवशी आबा गावोगाव नाचायचा. शेजारी रवळू हलगी वाजवायचा आणि जाहिरातही तोच ओरडायचा. आबानं बोलायचं नाही, अशी रीत होती. आतल्याला बाहेर यायचं झालं तर त्यानं आतून तीनदा टकटक करायची. टक, टक, टक म्हणजे, काढा.

हे काम आता भीमसेनचा धाकटा भाऊ कृष्णात करत होता. पंचविशीचा, अंगानं दांडगा, पण बोलताना अडखळायचा. स्वतःचं नाव सांगतानासुद्धा 'कृ'पाशी त्याची गाडी अशी रुतायची की समोरचाच ते पुरं करून टाकायचा. न बोलायची नोकरी मिळाली म्हणून तो भलताच खूश होता. त्यांची आई यल्लव्वा मात्र नव्हती. कृष्णातच्या आधी त्या डोक्यात मष्णू होता, आणि मष्णू गेल्या उन्हाळ्यात संकेश्वरच्या भर बाजारात आतल्या आत गेला होता.

"उकाड्यानं गेला त्यो," यल्लव्वा भाकरी थापता थापता म्हणाली. "माज्या लेकाचं तसं झालं म्हंजे?"

"न्हाय हुनार, आई," भीमसेन म्हणाला. "मी हाय की."

कारखान्याच्या मॅनेजरला उकाड्याचं फारसं काही नव्हतं. दुसऱ्या एका बिडीवाल्याची जीप भोंगा लावून फिरू लागली होती, म्हणून त्याला आबा बोलता हवा होता. भीमसेननं त्याच कामात भावाची सोय बसवली. टेपरेकॉर्डरची जुनी मोटर घेतली, पावडरच्या डब्याचा पत्रा कापून पंख्याची पाती केली, पुढं ओल्या वाळ्याची चकती लावली. आत उकाडा वाढला की पंखा आपोआप जोर धरील, अशी जोडणीही त्यानं करून टाकली. फेट्याच्या घडीत स्पीकर, ओठांपाशी माइक, कंबरेला मोटरसायकलची बॅटरी. ॲम्प्लिफायर त्यानं स्वतः जुळवला, आणि त्या नादात तीन दिवस दुसऱ्या कुणाचा रेडिओ हातात घेतला नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी त्यानं डोकं बाकावर ठेवून बटण दाबलं. पंखा फिरला, वाळ्याचा वास सुटला. स्पीकर थोडा खरखरला आणि मग त्यातून आवाज आला. टक, टक, टक.

भीमसेननं कान दिला. जरा वेळ काही नाही. मग पुन्हा तीन.

ठोके देणारे ॲम्प्लिफायर त्यानं कैक पाहिले होते. वाळलेला कंडेन्सर असा आवाज काढतो. त्यानं कंडेन्सर बदलला. टक, टक, टक. सगळे जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले. माइकच सोडवून बाजूला ठेवला, तरी तेच. म्हणजे दोष सर्किटातलाच होता. फक्त सर्किटातला ठोका सुरू झाला की थांबत नाही, आणि हा दर तिसऱ्यानंतर थांबत होता. कुणी दार वाजवून कडी निघायची वाट बघावी, तेवढाच वेळ.

शेवटी भीमसेननं वाटेत एक छोटा कंडेन्सर घातला. त्यानं धपधप, ठकठक असे जड आवाज अडायचे आणि नुसतं बोलणं पुढं जायचं. टकटक बंद झाली. दोष सापडला नव्हता, झाकला होता, हे त्याला कळत होतं, आणि असं काम कारागीर माणसाला डाचतं. पण संकेश्वरचा बाजार दोन दिवसांवर आला होता.

संध्याकाळी रवळू आला. तो पायरीवरच उभा राहिला, आत यायला तयार होईना.

"आतली टकटक भाईर ऐकू येईल न्हवं?" त्यानं विचारलं.

"आता टकटक कशाला, मामा? तोंडानं सांगंल की त्यो. काढा म्हनला तर निम्म्या बाजाराला ऐकू जाईल."

रवळू आबाच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिला.

"मष्णूनं टकटक केलती," तो म्हणाला. "मला ऐकू आलती. मला वाटलं, गडी हलगीवर ठेका धरतोय. मग मी आनिक जोरात वाजीवलं. त्यो भिंतीला टेकून उभा ऱ्हायला, तवा लोक म्हनले, आबा दमला. लई हसले. मीबी हसलो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बकलं आवळताना म्हनलाता, वाजीव मेव्हण्या, आज दनकून वाजीव. मला मेव्हण्या म्हनायचा त्यो. दुसरं कोन म्हनत न्हाय."

भीमसेननं चहा सांगितला, पण रवळू तो न पिताच निघून गेला. टकटकीचा आवाज आपण आजच अडवून टाकलाय, हे भीमसेननं त्याला सांगितलं नाही.

संकेश्वरच्या बाजारात सकाळपासूनच ऊन भाजत होतं. भीमसेन मुद्दाम भावाबरोबर गेला. पट्टे त्यानं स्वतः आवळले, बकलं स्वतः लावली.

"जीव घाबरला की नुसतं म्हनायचं, काढा," त्यानं बजावलं. "येवढं जमंल?"

"ज-ज-जमंल, अण्णा," आतून कृष्णात म्हणाला, आणि फेट्यातल्या स्पीकरमधून ते अडखळणंही मोठं होऊन बाहेर आलं. गुळाच्या दुकानापुढची माणसं हसली. भीमसेनला स्वतःचाच राग आला. त्याला वाऱ्याचं सुचलं होतं, बोलायचं काय होणार हे सुचलं नव्हतं.

पहिला अर्धा तास तसाच रडतखडत गेला. कृष्णात एक शब्द बोलायचा आणि दोन गिळायचा, रवळू मध्येच ओरडून सावरून घ्यायचा. मग मिरचीच्या ओळीपाशी फेट्यातून एकदम खणखणीत आवाज आला.

"या मंडळी, या पावनं! ऊन सगळ्यास्नी सारकंच हाय, सावली मातुर आबाकडं हाय. बसा, ओढा, निवांत व्हा!"

भीमसेन चकित झाला. एकही अक्षर अडलं नव्हतं. आवाज थोडा घोगरा वाटत होता, पण लहान स्पीकर सगळ्यांचाच आवाज तसा करतो. आबा आता भाजीवाल्या बायांची मापं काढत होता, बैलवाल्यांची फिरकी घेत होता, लोक पोट धरून हसत होते. मुखवट्याआड लाज गळून पडली असेल, असं भीमसेनला वाटलं. त्याचे डोळे भरून आले. लहानपणी हजेरीला 'ह'पाशी अडकून रडणारा हा भाऊ, आणि आज सबंध बाजार त्याच्या तोंडाकडं बघतोय. आईला घरी जाऊन कसं सांगायचं, याची वाक्यं तो मनात जुळवू लागला.

आबा नाचायचा थांबला होता, हे त्याच्या ध्यानात जरा उशिरा आलं. आबा एका खांबाला टेकून उभा होता. बोलणं मात्र थांबलं नव्हतं.

"दमलो न्हाय, बरं का. जरा टेकलोय," आवाज म्हणाला. लोक हसले. "वाजीव की मेव्हण्या. दनकून वाजीव."

हलगी बंद पडली.

रवळूचा चेहरा पांढराफटक झाला होता. "पोरगं मला मामा म्हनतं," तो म्हणाला.

हलगी थांबल्यामुळं भीमसेनला ते ऐकू आलं. स्पीकरमधून नव्हे, कागदाच्या लगद्यातून. अगदी हळू. टक, टक, टक.

स्पीकरमधला आवाज चढला. तो आता भराभर बोलत होता, एकावर एक, मध्ये श्वासाएवढीही जागा न सोडता, खदखदून हसत.

त्याखाली पुन्हा तीन. आणखी हळू.

भीमसेननं गर्दी ढकलली. बकल निघेना. रवळूनं दातांनी पट्टा ओढला. दोघांनी डोकं वर उचललं आणि कृष्णात भरल्या पोत्यासारखा त्यांच्या अंगावर कोसळला. ओठ काळेनिळे, डोळे पांढरे. आतला पंखा कधीचा थांबलेला. माइकची वायर मुळापासून तुटून त्याच्या गळ्यात लोंबत होती. तुटलेलं टोक घामानं काळवंडलं होतं. मिरचीच्या ओळीपासून तिच्यातून एक शब्दही पुढं गेला नसणार.

रवळूच्या हातातलं रिकामं डोकं अजून बोलत होतं.

भीमसेननं बॅटरीची वायर उपटली. आबानं तोंडातलं वाक्य पुरं केलं आणि मगच तो गप्प झाला.

कृष्णात वाचला. दवाखान्यात तीन दिवस सलाईन लागलं, पाठीवर पट्ट्यांचे लाल वळ होते तेही आठवड्यात गेले. पाचव्या दिवशी तो घरी खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "आई, भूक लागलीया. काय केलंयास?"

यल्लव्वाच्या हातातलं भांडं खाली पडलं. वाक्य सरळ आलं होतं, एका दमात. दुसरंही तसंच आलं, तिसरंही. ती रडली, हसली, गल्लीत साखर वाटून आली. डॉक्टर म्हणाला, धक्क्यानं असं होतं कधी कधी. भीमसेननं ते मानलं. मानायला दुसरं काही नव्हतंच.

कृष्णात आता दिवसभर बोलायचा. गल्लीतल्या बाया त्याच्या गमती ऐकायला दारात थांबायच्या. रवळू भेटायला आला, तेव्हा त्यानं खाटेवरूनच "या, मेव्हणं" अशी हाक दिली. रवळू उंबऱ्यावरूनच मागं फिरला. त्यानं हलगी विकली, असं पुढं कानावर आलं. मॅनेजरही येऊन गेला; आबा वखारीत पडून आहे, परत कामावर ये म्हणाला. कृष्णात हसला. "आता त्याची काय गरज?" म्हणाला.

भीमसेनला रात्री झोप लागत नव्हती. आपला भाऊ नीट झाला, याचा आनंद होण्याऐवजी आपल्याला त्याची भीती का वाटावी, याची त्याला लाज वाटायची. त्याला कृष्णातचं ते अडखळणं हवं होतं. त्या अडखळण्याची कशी वाट बघायची सवय होती त्याला, हे त्याला आता कळत होतं.

वैशाखातल्या एका सकाळी यल्लव्वानं वाटीत तेल कोमट करून आणलं.

"पाठ आखडलीया म्हनतोय. जरा चोळ त्येची," ती म्हणाली, आणि पाण्याला गेली.

कृष्णात अंगणात पाटावर पाठमोरा बसला. कुठल्याशा बाजारातली गंमत सांगत होता. भीमसेननं तेल हातावर घेतलं आणि त्याच्या खांद्यांखाली, पट्टे जिथं आवळले होते तिथं, दोन्ही तळवे टेकवले.

तळव्यांना आतून काहीतरी लागलं.

टक, टक, टक.

काळीज असेल, असं भीमसेननं स्वतःला सांगितलं. काळीज थांबत नाही. हे थांबलं होतं.

त्यानं तळवे तसेच दाबून धरले.

मग पुन्हा तीन. आधीपेक्षा हळू.

"का थांबलास, अण्णा?" कृष्णात म्हणाला. मान वळवली नाही, पण आवाज चढला होता. "चोळ की. तर काय झालं, ऐक, मी त्या बैलवाल्याला म्हनलो..." आणि तो भराभर बोलू लागला, एकावर एक, खदखदून हसत.

भीमसेनची बोटं तेलकट पाठीवरून वर सरकत होती, खाली सरकत होती, मणक्याच्या दोन्ही बाजूंना चाचपत होती. ती बकलं शोधत होती.

पाठ सगळी गुळगुळीत होती.