दोघींची यादी

नागपूरहून निघालो तेव्हा यादीत चारशे एकाहत्तर पक्षी होते. पाचशे करायचे होते, आणि लवकर करायचे होते. कारण माझ्या मैत्रिणीच्या, भैरवीच्या डॉक्टरांनी संक्रांतीपुढचं काही बोलायचंच टाळलं होतं.

"पाचशे झाले की मी मोकळी," ती म्हणाली होती. "अर्धवट यादी ठेवून जाणं म्हणजे फोडणी देऊन गॅस बंद करणं वं."

तिचा धाकटा भाऊ विक्रम स्कॉटलंडमध्ये इंजिनिअर. त्यानंच सांगितलं, की त्याच्याही उत्तरेला, भर समुद्रात एक बेट आहे. शरदात तिथे थकलेले पक्षी उतरतात. वाऱ्यानं भरकटलेलेही. झालं! पन्नाशी उलटलेल्या दोन बाया, चार गुडघ्यांना चार पट्टे, दोन दुर्बिणी आणि चार किलो चिवडा असं आमचं पथक निघालं.

यादीचा नियम एकच : दोघींनी पाहिला तरच पक्षी मोजायचा. हा नियम नागपूरबाहेर, मौद्याच्या रस्त्यावर झाला. अठरा वर्षांपूर्वी तिथल्या एका बाभळीवर भैरवीला पांढरं घुबड दिसलं. आम्ही दोन तास झुडपाआड बसलो. वहीत चित्र काढलं, पिसांचा रंग लिहिला. मग वारा आला आणि घुबड उलगडलं. सिमेंटची रिकामी पिशवी! आम्हाला शिकवणारं कोणी नव्हतं. मी गांधीबागेत साड्या दाखवणारी, ती एका शाळेत क्लार्क. एकीचे डोळे चुकले तर दुसरीचे असावेत, एवढंच.

तिकडे विक्रमही सोबतीला आला. बोटीत लाटा अशा उसळल्या, की भैरवीनं कठडा धरून उलट्या केल्या. पण उलट्यांच्या मधल्या वेळात तिनं तीन नवे पक्षी पाहिले आणि मलाही दाखवले!

बेटावर एकही झाड नव्हतं. रचलेल्या दगडांच्या बुटक्या भिंती, मेंढ्या, चिखलाळ गवत, आणि त्या सगळ्यावरून दिवसरात्र वाहणारा वारा. तोंडातून निघालेला शब्द शेजारणीच्या कानापर्यंत पोचायच्या आत समुद्रावर जाऊन पडायचा. तरी आठ दिवसांत यादी चारशे नव्याण्णववर आली. आणि तिथेच अडली. पुढचे तीन दिवस नुसता पाऊस.

शेवटच्या सकाळी विक्रम धापा टाकत आला. "ताई! उत्तरेच्या टोकावर हिमघुबड बसलंय म्हणे!"

"पिशवी तं नाही ना गा?" भैरवी म्हणाली, पण तिचा एक पाय बुटात गेलाही होता.

"तीनला बोट सुटते. पुढची आठ दिवसांनी. तुझ्या गोळ्या दोन दिवसांच्या उरल्यात."

"म्हणून तं चाल म्हणून राहिली तुले."

रस्ता संपला तिथे जीप थांबली. तिथून पायी. पाऊल टाकलं की गवताखालून पाणी वर यायचं आणि चिखल बूट सोडायचा नाही. शेवटच्या दगडी भिंतीशी भैरवी बसली. बसली म्हणजे पायांनीच तिला बसवलं. ओठ निळसर झाले होते. जीप जवळ आणता येईल असं फाटक शोधायला विक्रम मागे पळाला.

"तू पुढं जाऊन पाह्य," तिनं मला ढकललं. "दिसला तं मले न्यायले ये."

मी चढ चढले. आणि धुकं आलं! समुद्रावरून उठलं, मेंढ्या गिळल्या, पायवाट गिळली. मी तशीच पुढे गेले. समोर एका दगडावर पांढरं काहीतरी होतं. मी दुर्बीण लावली. हलेना. माझ्या पोटात हसू आलं. इतक्या दूर येऊन पुन्हा पिशवी!

तेवढ्यात पिशवीनं मान फिरवली.

दोन पिवळेधमक डोळे! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला नापसंत केलं आणि ते मिटले. मी पाहत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग भान आलं. भैरवी!

मी वळले. धावले. पाय घसरला, दुर्बीण छातीवर आदळली. उठले, पुन्हा धावले. भिंत कुठे होती? उजवीकडे? हाका मारल्या, त्या वाऱ्यानं नेल्या. आणखी दोन पावलं टाकली आणि खालून लाटेचा दणका ऐकू आला. अगदी खालून! मी थिजले. बुटांपुढे गवत संपलं होतं. कडा!

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. "चक्."

जंगलात हाका मारायच्या नसतात म्हणून आम्ही जिभेनं असं करतो, नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या मेंदीच्या कुंपणातल्या वटवट्यासारखं. "चक्. चक्." मी हातापायांवर रांगत त्या आवाजाकडे सरकले. हाताला दगड लागला. भिंत!

पण भैरवीचं तोंड बंद होतं. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

"मी नाही वं," ती कुजबुजली. "हा करून राहिला."

तिच्या खांद्याजवळ, दगडांच्या फटीत, चहात बुडवलेल्या मलमलीच्या रंगाचा चिमणीहून लहान जीव फुलून बसला होता. वटवट्या! आमच्या यादीतला तिसरा पक्षी, दर हिवाळ्यात आमच्या कुंपणात येणारा. दुकानात हा रंग मी कोणाला दाखवतही नाही.

"यानं आता आपल्याकडं असायले पाह्यजे होतं," भैरवी म्हणाली. "वाट चुकला बिचारा. मले म्हणे, हुडकेश्वर कुठं आलं?"

आम्ही दोघींनी पाहिलं त्याच्याकडे. त्यानं दगडावरची एक माशी टिपली आणि पुन्हा पिसं फुलवली.

"बेटावरच्या बाकीच्या पक्षीवेड्यांना कळवू?" मी विचारलं. बेटावर तो दुर्मीळच. सगळे धावत आले असते.

"काहून? सगळे जमतीन अन् त्याले भिंतीतून उठवतीन. बसू दे." मग ती माझ्याकडे वळली. "अन् वर तो? दिसला?"

'नाही दिसला' असं खोटं बोलायचं मी वाटेतच ठरवलं होतं. जमलं नाही.

"दिसला."

ती भिंत धरून उठली. एक पाऊल. दुसरं. गुडघे वाकले. मी तिला धरलं. तिचं वजन माझ्या हातात आलं, आणि ते किती कमी होतं, ते मला तिथे कळलं. धुक्यात कुठेतरी विक्रमच्या जीपचा हॉर्न वाजत होता.

"वर कडा आहे, भैरवी. मी काठावरून परत आले."

घुबड बसलं होतं त्या बाजूला तिनं बराच वेळ पाहिलं. तिथे नुसतं पांढरं होतं.

"मान फिरवली त्यानं?"

"फिरवली."

"डोळे?"

"पिवळे. हळकुंडासारखे."

मी ओल्या बोटांनी वही काढली. "लिहिते. पाचशे. माझे डोळे ते तुझेच."

तिनं वही माझ्या हातातून घेतली, मिटली, माझ्या पिशवीत घातली आणि चेन लावली.

"पिशवी असंल वं," ती म्हणाली. "चाल, भाऊ ओरडून राहिला."

आम्ही हळूच निघालो, भिंतीतल्याला उठवलं नाही. बोट मिळाली. परतीच्या समुद्रात ती माझ्या खांद्यावर झोपली होती. मी एकदाही दुर्बीण लावली नाही.

भैरवी संक्रांतीच्या सहा दिवस आधी गेली.

वहीत चारशे नव्याण्णव आहेत. नियमाप्रमाणे ही यादी आता वाढत नाही.

परवा, यंदाच्या थंडीच्या तोंडाशी, हुडकेश्वरला सकाळी कपडे वाळत घालताना मेंदीतून आवाज आला. "चक्." आला होता आपला, वेळेवर. मी ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. सवयीनं शेजारी वळून कुजबुजलेही, "पाह्य वं."

मग टॉवेल पिळला. दोरीवर टाकला. चिमटा लावला.

"चक्," मेंदीतून पुन्हा आलं.