भोंग्यातलं रडणं

"ताई, मी बोट वर केलं की बटण दाबायचं. तोवर हलायचं नाही. आणि देवाचं नावही मनातच घे!"

माझ्या धाकट्या भावाचा, एलॉयचा, हा आवाज अजून कानात आहे.

मी रोज संध्याकाळी माळ ओढते. ती हातात धरून सांगते, हे आमच्याच घरी घडलंय. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, मेंढ्या विण्याचे दिवस होते. कोल्हे कोकरं उचलत होते.

एलॉयनं रिमोटवर चालणारा भोंगा आणला. त्यात जखमी सशाची किंकाळी. भोंगा लांब ठेवायचा, आपण बंदूक घेऊन दडायचं. पण आमचे कोल्हे सशाला फसेनात.

"तुझ्याहून हुशार आहेत ते," मी म्हटलं.

"थांब, आता त्यांना तुझी पोरगी ऐकवतो!"

माझी जसिंता अजून तान्ही. भूक लागली की घर डोक्यावर घ्यायची. त्यानं तिचं रडणं रेकॉर्ड करून भोंग्यात भरलं. मलाही हसू आलं.

त्या संध्याकाळी बर्फ पडून नुकतंच थांबलं होतं. लेक सासूबाईंजवळ होती. एलॉयनं बोट वर केलं. मी बटण दाबलं.

टेकडीवर जसिंता रडू लागली...

दोन कोल्हे आले.

पण ते भोंग्याकडे बघेनात. भोंग्याच्या मागे, जरा वर बघत थबकले...

समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं, तसे.

मग शेपट्या पायांत घालून पळाले.

"काय झालं रे?"

"शू..."

भरलेलं रडणं छोटंसंच होतं. तेच तेच वाजायचं. पण आता ते बदललं. हुंदके आले. उचकी आली. मग हळूहळू ते शांत झालं...

कुणी उचलून कुशीत घ्यावं, तसं.

"बंद केलंस?"

"नाही रे. रिमोटचा दिवा चालूच आहे."

आम्ही धावत गेलो. बर्फात भोंग्याचा चौकोनी ठसा होता.

भोंगा नव्हता.

आमच्याखेरीज पाऊलखुणा फक्त कोल्ह्यांच्या.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "अगं, मघापासून बघ हिला!"

जसिंता रडत होती. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, गालांवर पाणी...

आवाज नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

तेव्हापासून रोज माझी माळ संपता संपता टेकडीवरून तिचं रडणं येतं. कुणीतरी ते शांत करतं.

आणि रोज ते थोडं आणखी लांबून येतं... काल तर श्वास रोखून ऐकावं लागलं. ते ऐकूच येईनासं झालं तर?

एलॉय आता चेष्टा करत नाही. काल पाळण्याशी गुडघे टेकून म्हणाला, "मामानंच नेलंय ना तुझं रडणं? मामाच आणून देईल."

आज माळ संपली. खिडकीशी कान लावला, तेव्हा कुठे एक हुंदका आला.

एलॉय उठला. हात बंदुकीकडे गेला, पण ती त्यानं खुंटीलाच राहू दिली. जसिंताचं दुपटं घडी करून कोटाच्या आत घातलं.

"दोन घास खाऊन तरी जा रे."

"नको, ताई. आणखी लांब जाईल ते."

पोर नुकतीच झोपली होती. तिला जाग येऊ नये म्हणून त्यानं दार हळूच ओढून घेतलं, आणि बर्फातून टेकडीकडे चालू लागला.