कानशीचे दोन हात

वाहन-आयुर्मान संस्थेच्या तिसऱ्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत, एक पांढरी पिकअप उभी होती. लांबी चोवीस सेंटिमीटर. हौद्याच्या फळ्या, आरशाला बांधलेले काळे गोंडे, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जास्तीचं बसवलेलं एक पान, सगळं जिथल्या तिथं. चौकशी समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश गुर्जर, चष्मा कपाळावर चढवून पेटीत डोकावले आणि क्षणभर आपण अपघाताच्या चौकशीला आलो आहोत हे विसरूनच गेले. ती गाडी घडवणारे मनोहर पांचाळ दोन पावलं मागे उभे होते. एरवी कुणी असं डोकावलं की त्यांची छाती फुगायची. आज त्यांना ती पेटी उचलून आपटावीशी वाटत होती.

"हे खेळणं सांगतं, गाडी मोडणार की नाही?" गुर्जरांनी विचारलं.

"खेळणं नाही, सर. समगुण प्रतिकृती," संस्थेच्या संचालक डॉ. हेमांगी सोवनी म्हणाल्या. "आधी खऱ्या गाडीचं अंतर्वेधी चित्रण करतो. आतली भेग, गंज, सगळं त्यात येतं. मग तिच्या विसाव्या भागाएवढी गाडी घडवायची, त्याच जातीच्या पोलादातून. फक्त पोलादाचे कणही त्याच प्रमाणात बारीक. आता बघा, खड्ड्यात चाक आपटलं की हादरा गाडीभर फिरतो. प्रतिकृतीत त्याला विसाव्या भागाएवढंच अंतर कापायचं असतं, म्हणून तो विसाव्या भागाएवढ्या वेळात फिरून येतो. त्यामुळे पुढचा हादराही वीसपट लवकर देता येतो."

"म्हणजे हिचं आयुष्य वीसपट वेगानं सरतं?"

"बरोबर. याला आम्ही कालसंकोच म्हणतो. कंपनपथावर, म्हणजे खड्ड्यांचे हादरे देणाऱ्या यंत्रावर, अठरा दिवस चालली की खऱ्या गाडीचं एक वर्ष झालं. अठरा दिवसांत मोडली नाही तर गाडीला वर्षाचा परवाना. मोडली तर जिथं मोडली तिथं खरी गाडी आधी दुरुस्त करून आणायची."

"आणि ही मोडली नाही."

"अठराव्या दिवशीही ठणठणीत होती."

"खरी मात्र सात महिन्यांनी मंडपाच्या सामानासकट दरीत गेली. मागं बसलेली दोन माणसं मेली." गुर्जरांनी चष्मा खाली ओढला. "मग दोष ड्रायव्हरचाच, दुसरं काय?"

ड्रायव्हर म्हणजे लहू सुतार. मनोहर पांचाळांच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

मनोहररावांना गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. बाजारातली खेळण्यातली गाडी आणायची, पार सुटी करायची, पत्रा कापून तिला हौदा लावायचा, पाटे उंचवायचे, साच्यातून आलेली जोडरेषा पॉलिश पेपरनं घासून नाहीशी करायची. छोट्या गाड्यांच्या प्रदर्शनांत परीक्षक बोट फिरवून बघत आणि जोड लागला की गुण कापत. पांचाळांच्या गाडीवर तो कधी लागला नाही. या हातासाठीच संस्थेनं त्यांना घेतलं. चित्रणात भेगांबरोबर हजारो भुरे ठिपके आणि रेघोट्याही येत. खरी भेग कुठली आणि चित्रणातला कचरा कुठला, हे भिंगाखाली ठरवायचं काम त्यांचं. अकरा वर्षांत अकराशे गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

दाजींची गाडी आली तेव्हा त्यांनी जरा जास्तच जीव ओतला. गोंडे काही कुणी मागितले नव्हते. केबिनच्या मागे, चॅसीच्या डाव्या पट्टीवर, कुठल्याशा गॅरेजवाल्यानं वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा चिकटवून ठेवला होता. तो गोळा आणि त्याच्या कडेची केसाएवढी रेघ मनोहररावांनी चित्रणाबरहुकूम इमानानं घडवलीसुद्धा. मग भिंगातून पाहिलं, आणि त्यांना ते बघवेना. रेघ म्हणजे कचराच असणार, असं स्वतःची समजूत घालत त्यांनी कानशीचे दोन हात मारले. जोड गुळगुळीत झाला. रेघही गेली.

अपघातानंतर चॅसी पाच ठिकाणी मोडलेली मिळाली. त्यातली एक जागा तीच. कुठली जागा आधी मोडली हे दरीतून काढलेल्या लोखंडावरून कुणालाच सांगता येईना. मनोहरराव मात्र फोटो बघताच ती जागा ओळखून चुकले होते. आणि तरीही तीन आठवडे गप्प राहिले होते.

समिती प्रयोगशाळा बघून गेली त्या संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. जामिनावर सुटलेले दाजी दारापुढच्या बाजेवर बसले होते. आठवड्यात दाढी केलेली दिसत नव्हती.

"खाली कायतरी कट्‌दिशी वाजलं आन् गाडी डाव्या अंगाला वढली," दाजी म्हणाले. "स्टेरिंग हातात नुसतं फिरलं. मला तरी आसंच आठवतंय."

"मग तसंच सांगा की समितीला."

"कसं सांगू? तुझी गाडी कुठं मोडली? अकरा वर्षांत तुझी गाडी कधी चुकली का? मंजी मलाच डुलकी लागली आसंल. डुलकीत माणसाला काय बी वाजल्यागत वाटतं." दाजींनी बाजेवर सरकून जागा करून दिली. "मेलेल्या पोरांच्या घरी जाऊन कबूल करून आलो, मनोहर. एकाची बायको म्हनली, झोप येत हुती तर थांबला का न्हाई? काय सांगू तिला?"

अक्कानं चहा आणून दिला. तोंडाशी आलेलं सगळं मनोहररावांनी त्या चहाबरोबर गिळलं. याबद्दल त्यांनी स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉ. सोवनींच्या खोलीत गेले आणि कानशीचं सगळं सांगून मोकळे झाले. मग संस्थेच्या परवानगीनं, त्याच जुन्या चित्रणावरून, दिवसरात्र खपून त्यांनी दुसरी पिकअप घडवली. या वेळी गोळा गोळाच ठेवला आणि रेघ रेघच. हात शिवशिवायचा, तेव्हा ते कानस दुसऱ्या टेबलावर ठेवून यायचे. अकराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंपनपथावर कट्‌ असा बारीक आवाज झाला. अकरा दिवस म्हणजे सात महिने आणि वर थोडे दिवस. मोडलेल्या गाडीपुढे मनोहरराव रडले. आयुष्यात पहिल्यांदा आपली गाडी मोडल्याचा त्यांना आनंद झाला होता.

गुर्जरांना झाला नाही. "पांचाळ, पहिली तुम्ही घडवलीत, ती मोडली नाही. दुसरीही तुम्हीच घडवलीत, ती मोडली. आणि मधल्या काळात तुमच्या दाजींवर खटला उभा राहिला. यातली खरी कुठली मानू?"

"साहेब, चित्रण बघा ना. ही रेघ."

पडद्यावर त्या रेघेच्या आसपास तशाच चाळीस रेघोट्या होत्या. "यातली भेग कुठली, हे कोण ठरवणार?"

"मी."

"तिथंच तर अडतंय," गुर्जर म्हणाले.

वाट काढली ती डॉ. सोवनींनी. "दोन वर्षांपासून आपल्याकडे शिल्पयंत्र आहे. निम्म्याहून जास्त गाड्या आता तेच घडवतं. चित्रण दिलं की भेग कुठली, कचरा कुठला, ते स्वतःच निवडतं. माणसाचा हात लागतच नाही. ते काय घडवतंय ते बघू."

"यंत्राला ना बहीण, ना दाजी," असं म्हणून पहिला होकार मनोहररावांनीच दिला. बाहेर येऊन त्यांनी दाजींना फोन लावला. "तुम्ही झोपला नव्हतात. चूक माझ्या हातची आहे. अठरा दिवस थांबा, यंत्रच सांगेल."

पलीकडे बाज करकरली. मग दाजी म्हणाले, "खरं सांगतोस?"

शिल्पयंत्रानं गाडी एका दिवसात बाहेर काढली. कंपनपथावर चढवण्याआधी मनोहररावांनी ती भिंगाखाली धरली, केबिनच्या मागे, चॅसीच्या डाव्या पट्टीपाशी. जोड गुळगुळीत होता. रेघेचा मागमूस नव्हता. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती सफाई ओळखली.

"मॅडम, हे यंत्र शिकलं कशावरून?"

"चित्रण आणि त्यावरून घडवलेली प्रतिकृती, अशा अकराशे जोड्या आजवर देत आलोय त्याला. कुठली रेघ ठेवायची आणि कुठली पुसायची, ते त्यावरूनच..." डॉ. सोवनी मध्येच थांबल्या.

"माझ्या अकराशे."

"दुसऱ्या कुणाच्या देणार? एवढा सफाईदार हात होता कुणाचा?"

"दाजींची एकच नव्हती, मॅडम. बघवेना म्हणून कानस मारली असं किती वेळा झालं, मला आठवतही नाही. बाकीच्यांचं नशीब चांगलं म्हणून अजून चालतायत. आणि हे यंत्र तर नेमकं तेवढंच शिकलंय."

डॉ. सोवनी खिडकीशी गेल्या. खाली आवारात परवान्यासाठी गाड्यांची रांग लागली होती. "देशभरात बारा केंद्रांवर हीच यंत्रं आहेत, पांचाळ. चाळीस हजार गाड्या रस्त्यावर आहेत. त्या कशाच्या जोरावर थांबवू? तुमच्या शब्दावर?"

"हो. थांबवा."

त्यांना पटलं होतं. त्यांचा चेहरा बघून मनोहररावांना त्याबद्दल शंका उरली नाही. पण त्या खिडकीपासून वळल्या. त्यांनी गाडी कंपनपथावर ठेवली आणि कळ दाबली.

अठराव्या दिवशी गाडी ठणठणीत होती. मनोहररावांनी समितीसमोर सगळं पुन्हा सांगितलं, यंत्र कशावरून शिकलं तेही. डॉ. सोवनी समोरच्या कागदांकडे बघत बसल्या. गुर्जरांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि आरोपीच्या नातलगाची मनःस्थिती समजण्यासारखी आहे, असं टिपणात घालायला सांगितलं. चूक दाखवायला आणलेला साक्षीदार त्याच चुकीवर वाढलेला आहे, हे एका माणसाच्या तोंडून ऐकून कोण मानणार?

बाहेर व्हरांड्यात दाजी बसले होते. धुतलेला सदरा, गुळगुळीत दाढी. मनोहररावांना बघून ते उठले.

"हे अठरा दिवस लई चांगले गेले बघ," दाजी म्हणाले. "रात्री झोप लागली. जेवान ग्वाड लागलं. त्या पोराच्या बायकोला सुदिक सांगून आलो हुतो, मी झोपलो नव्हतो म्हणून. आता परत जाऊन सांगाय पायजे."

"दाजी, तुम्ही झोपला नव्हतात. मी सांगतोय ना."

"आसू दे." दाजींचे डोळे भरून आले होते. "माझ्यापायी तू स्वतःच्या हाताला खोटं ठरवलंस. मेव्हणा मेव्हण्यासाठी एवढं करत न्हाई."

"मी खोटं बोललो नाही हो!"

"आसू दे, आसू दे," म्हणत दाजींनी त्यांची पाठ थोपटली. आणि डुलकी लागली होती, असा जबाब लिहून सही करायला ते आत गेले.